सह्याद्रीचा दगड, वेल्ह्याचा कोळसा आणि पाषाणची प्रयोगशाळा : उत्प्रेरकांच्या इतिहासाचा धागा

राजगडाच्या पद्मावती माचीवर दारूकोठार आहे. गडावर जाणारा प्रत्येक जण तिथे थांबतो, छायाचित्र काढतो आणि पुढे सदरेकडे जातो. त्याच्या पाठपिशवीत बहुधा पाण्याची प्लास्टिकची बाटली असते. कोठारातली दारू आणि पिशवीतली बाटली यांच्यामध्ये सुमारे साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. तरीही दोन्हींच्या मागे रसायनशास्त्रातील एकच कल्पना उभी आहे : उत्प्रेरक. या कल्पनेच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय राजगडापासून फार दूर नसलेल्या पाषाण गावच्या माळावर लिहिला गेला. आजचा धागा त्याविषयी.

आधी दारूविषयी. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि लोणारी कोळसा. यांतला सोरा जुन्या वस्त्यांच्या आणि गोठ्यांच्या आसपासच्या खारट मातीतून धुऊन, आटवून काढत. जनावरांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम मातीतले जीवाणू करत होते. त्यांच्या शरीरातील विकरे, म्हणजे एन्झाइम, ही निसर्गाने घडवलेली उत्प्रेरके. सोरा काढणाऱ्याला याची काहीच कल्पना नव्हती. कोणती माती गोडी आणि कोणती खारी हे त्याला जिभेने कळे, आणि त्याच्या कामापुरते तेवढे ज्ञान पुरेसे होते.

‘उत्प्रेरण’ या क्रियेला नाव मिळाले ते १८३५ साली. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याच्या लक्षात आले की काही पदार्थ नुसते हजर असले तरी इतर पदार्थांमधली अभिक्रिया वेगाने घडते, आणि ते स्वतः मात्र शेवटी जसेच्या तसे उरतात. अभिक्रियेला जो डोंगर चढून जावा लागतो, त्यात उत्प्रेरक खिंड काढून देतो. दरीतून दरीत जायचे अंतर तेच राहते, चढ कमी होतो. कमी चढ म्हणजे कमी उष्णता, कमी इंधन, कमी कचरा. आज ज्याला शाश्वत रसायनशास्त्र म्हणतात त्याचे अर्धे मर्म या खिंडीत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या खिंडीने जगाचा नकाशा बदलला. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया तयार करून दाखवला. त्याच्या यंत्रातला ऑस्मियम हा उत्प्रेरक अतिशय दुर्मीळ होता. मग बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश याने हजारो चाचण्या घेऊन लोहाधारित स्वस्त उत्प्रेरक शोधला आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. त्याने खतही दिले आणि स्फोटकेही दिली. चिलीहून जहाजांनी सोरा आणण्याची जर्मनीची गरज संपली, आणि पहिले महायुद्ध लांबण्यामागच्या कारणांत या कारखान्याचा उल्लेख इतिहासकार हमखास करतात. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत आज पडणारा युरिया त्याच अमोनियाचा वंशज आहे.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात मात्र उत्प्रेरक आला तो वेगळ्याच वाटेने. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. वनस्पती तेलात निकेलच्या बारीक भुकटीच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते थिजते. ही युक्ती फ्रान्सच्या साबात्येच्या संशोधनावर आणि जर्मनीच्या नॉर्मानच्या पेटंटवर उभी होती. तूप की वनस्पती हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. तो पिवळा डबा मात्र वादापेक्षा टिकाऊ निघाला. तूप संपल्यावर त्यात तुळस लावायची पद्धत कित्येक घरांत होती.

आता वेल्ह्याकडे. अलीकडे ‘राजगड’ हे नाव मिळालेला हा तालुका पूर्वी भोर संस्थानात होता. पंतसचिवांच्या या संस्थानाचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. प्रचंडगड म्हणजे तोरणा. पाऊस भरपूर, जमीन उतरणीची, रस्ते नाहीत. म्हणून इथले रान बराच काळ टिकले. या रानाचे शहराच्या दृष्टीने मोल होते ते इंधन म्हणून. लाकूड डोक्यावरून नेणे परवडत नाही. त्याचा जागीच कोळसा केला की वजन घटते आणि उष्णता टिकते. लोणारी आणि कातकरी या समाजांच्या श्रमांवर हा धंदा चाले. लाकडाचा ढीग रचायचा, माती-पाल्याने लिंपायचा, आत धुमसत ठेवायचा आणि धुराचा रंग पाहून भट्टी केव्हा फोडायची ते ठरवायचे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि या कोळशाला नवे गिऱ्हाईक मिळाले. मोटारींच्या पाठीशी उभा पत्र्याचा पिंप बसवला जाई. त्यात कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायूवर इंजिन चाले. निघण्याआधी क्लीनरने हाताने पंखा फिरवून विस्तव फुलवायचा आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे, अशा आठवणी जुन्या पिढीने भरपूर सांगितल्या आहेत. हा वायू इथे फक्त जाळला जात होता, हे लक्षात ठेवावे. त्याच काळात जर्मनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणापासून कृत्रिम पेट्रोल तयार करत होती, कारण फिशर आणि ट्रॉप्श यांनी १९२०च्या दशकात त्यासाठी उत्प्रेरक शोधून ठेवले होते. भारतात त्या दिशेने काम करणारे महत्त्वाचे नाव म्हणजे ज्ञानचंद्र घोष. १९३९ ते १९४८ या काळात ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते. वायू तोच होता. त्याला जाळण्याऐवजी घडवण्याची विद्या मात्र आपल्याकडे तेव्हा बाल्यावस्थेत होती.

वेल्ह्याच्या रानावर खरा घाव पडला तो स्वातंत्र्यानंतर. पानशेत धरणाचे काम १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. १२ जुलै १९६१ रोजी हे धरण फुटले आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. धरणाबरोबर आलेल्या रस्त्यांचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या खोऱ्यांविषयी लिहून ठेवले आहे : गावे आणि सुपीक जमिनी बुडाल्यावर लोक डोंगरउतारांवर सरकले, धरणाच्या निमित्ताने मोटाररस्ता आला, त्या रस्त्याने पुण्याचे कोळशाचे व्यापारी आले आणि हाती पैसा नसलेल्या लोकांनी मालकीची झाडे कवडीमोलाने विकली. काही वर्षांत डोंगर उघडे पडले. ज्या पाणलोटातून पुण्याला पाणी मिळते, त्याच पाणलोटातले लाकूड पुण्याच्या शेगडीत जळले. देवराया तेवढ्या उरल्या, कारण तिथे कुऱ्हाड चालवायला माणूस भीत असे.

हे घडत होते तेव्हा पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली होती. ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी तिची कोनशिला बसवली. (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत.) त्या दिवशी तोरणा आणि राजगड अजून पंतसचिवांच्या संस्थानात होते, भोरचे विलीनीकरण ८ मार्च १९४८ चे. ३ जानेवारी १९५० रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे पृष्ठभाग-रसायनाचे अभ्यासक. उत्प्रेरणाची बरीचशी क्रिया घन पदार्थाच्या पृष्ठभागावर घडते, म्हणून ही निवड पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने शुभशकुनाची म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या संचालकांपाशी गडकोट भटकणाऱ्यांनी थोडे थांबावे. जॉर्ज इंगल फिंच हे १९५२ ते १९५७ या काळात पाषाणला संचालक होते. हेच ते फिंच, ज्यांनी १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत नळकांड्यांतल्या प्राणवायूचा हिरिरीने पुरस्कार केला आणि जेफ्री ब्रूसबरोबर सुमारे ८,३०० मीटर उंची गाठली. तोवर माणूस इतका उंच चढला नव्हता. प्राणवायू वापरणे खिलाडूपणाला धरून नाही असे त्यांच्या काही सहकाऱ्यांचे मत होते. फिंच रसायनशास्त्रज्ञ असल्यामुळे त्यांना तो आक्षेप हास्यास्पद वाटे. पिसे भरलेला उबदार कोटही त्यांनी त्याच मोहिमेसाठी करवून घेतला होता. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचा विषय होता इलेक्ट्रॉन विवर्तनाने पृष्ठभागांचा अभ्यास. १९५७ मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले, आणि त्यांच्यानंतर १९६६ ते १९७८ बी. डी. टिळक. दोघेही रंगद्रव्यांच्या रसायनातले.

उत्प्रेरकांच्या संशोधनाला धार आली ती त्यानंतर. त्यामागचे कारण आर्थिक होते. १९७३ च्या तेलसंकटाने आयातीवर उभ्या असलेल्या प्रत्येक उद्योगाला हादरवले. भारतात पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहत होते, पण ते परदेशी परवान्यावर. कारखान्याचे पोलाद, पाइप, टाक्या इथे बनत. अणुभट्टीसारख्या दिसणाऱ्या त्या उंच पात्रात भरायचे दाणे मात्र बाहेरून येत. ते दाणे कशाचे, कसे बनवले, हे सांगितले जात नसे. काही वर्षांनी त्यांची शक्ती संपली की पुन्हा परकीय चलन मोजून नवे दाणे. एकूण कारखान्याच्या वजनात उत्प्रेरकाचा वाटा नगण्य असतो, पण तो अडला की सगळेच अडते. किल्ल्याचा तट आपला आणि दरवाजाची किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती होती.

१९७८ मध्ये एल. के. दोराईस्वामी संचालक झाले. ते रासायनिक अभियंते, आणि उत्प्रेरकाच्या दाण्यात अभिक्रिया किती वेगाने घडते याच्या गणितातले जागतिक कीर्तीचे अभ्यासक. पुढच्याच वर्षी डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतून पॉल रत्नसामी पुण्यात आले. या दोघांच्या काळात पाषाणने जो पदार्थ हाती घेतला त्याचे नाव झिओलाइट.

आता सह्याद्रीच्या दगडाकडे वळायला हवे. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत तापवले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. त्याने ग्रीक शब्द जोडून नाव दिले ‘झिओलाइट’, उकळणारा दगड. फसफसत होते ते आतल्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेले पाणी. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या चौकटीतून बनलेला हा दगड म्हणजे रेणूंच्या मापाच्या खोल्या आणि बोळ असलेला वाडाच. जगातील उत्तम नैसर्गिक झिओलाइट जिथे सापडतात त्या प्रदेशांत दख्खनचे नाव अग्रभागी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे राहिले, पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्फटिक वाढले. सह्याद्रीतल्या कातळात पांढरे, गुलाबीसर, कधी पंख्यासारखे पसरलेले स्फटिक दिसतात, त्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट असे अनेक झिओलाइट असतात. (सगळेच पांढरे ठिपके झिओलाइट नव्हेत, गारगोटी आणि कॅल्साइटही असतात. आणि जे काही असेल ते गडावरून उकरून घरी आणू नये.)

युरोपच्या संग्रहालयांत ‘भोर घाट’ अशी चिठ्ठी लावलेले जुने, देखणे नमुने आहेत. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याच्या घाटात रेल्वेमार्ग खोदताना ते मिळाले. पुष्कळ जण तो घाट भोर तालुक्यातला समजतात. तो बोरघाट, भोर संस्थानच्या राजधानीशी त्याचा संबंध नावाच्या इंग्रजी स्पेलिंगपुरता.

निसर्गातले झिओलाइट सुंदर असले तरी उद्योगाला हवे तसे मापात नसतात. म्हणून विसाव्या शतकात ते प्रयोगशाळेत घडवले जाऊ लागले. अमेरिकेच्या मोबिल कंपनीच्या संशोधकांनी ‘झेडएसएम-५’ नावाचा झिओलाइट तयार केला. त्याचे पेटंट १९७२ चे. त्याच्या बोळांची रुंदी सुमारे साडेपाच अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या साडेपाचपट. बेंझिनच्या कुळातले रेणू त्यातून जेमतेम सरकतात. या जेमतेमपणातच सगळी जादू आहे.

कशी, ते पाहू. खनिज तेलापासून मिळणाऱ्या एका मिश्रणात चार भाऊबंद असतात : ऑर्थो, मेटा आणि पॅरा ही तीन झायलीन आणि एथिलबेंझिन. चौघांत अणू तेच आणि तितकेच, फक्त मांडणी वेगळी. बाजारात सर्वांत मोठी मागणी पॅराला, कारण त्याच्यापासून टेरेफ्थॅलिक आम्ल होते आणि त्यापासून पॉलिएस्टर. पॅरा काढून घेतला की उरलेल्या मिश्रणाला उत्प्रेरकावरून पुन्हा नेतात. तिथे झायलीनची मांडणी बदलते आणि समतोलाला पुन्हा साधारण २४ टक्के पॅरा तयार होतो. तो काढायचा, उरलेले परत फिरवायचे, असे हे रहाटगाडगे. त्यात दोन अडचणी. एक, एथिलबेंझिनचा उत्कलनबिंदू झायलीनच्या इतका जवळ की ऊर्ध्वपातनाने ते वेगळे काढणे महाग, आणि न काढले तर ते फेऱ्यांत साठत जाते. दुसरी, साध्या उत्प्रेरकावर झायलीनचे रेणू एकमेकांशीच भिडतात, मोठे निरुपयोगी रेणू बनतात आणि माल वाया जातो. झेडएसएम-५ सारख्या अरुंद बोळात मोठे रेणू बनायला जागाच नसते. शिवाय तिथे एथिलबेंझिनची शेपटी तुटून बेंझिन उरते, आणि बेंझिन सहज वेगळे होते. अरुंद दिंडीदरवाजातून हत्ती आत येऊ शकत नाही, हे ज्याला कळते त्याला हे रसायनशास्त्र कळायला हरकत नाही.

असा झिओलाइट परदेशातून विकत घेणे हा एक मार्ग होता. पाषाणने तो स्वतः घडवायचे ठरवले. सिलिका आणि ॲल्युमिना यांचे अल्कधर्मी मिश्रण, त्यात साच्याचे काम करणारा एक सेंद्रिय क्षार, बंद पात्रात उष्णता आणि दाब, आणि कित्येक तासांची वाट. सूत्र एवढेच दिसते. प्रत्यक्षात प्रमाण किंचित चुकले तर भलताच स्फटिक उगवतो. १९८२ मध्ये ‘झिओलाइट्स’ या नियतकालिकात या घडणीवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखकांची नावे : कुलकर्णी, शिराळकर, कोटस्थाने, बोराडे, रत्नसामी. राष्ट्रीय इतिहासात संचालकांची नावे उरतात. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांची नावे शोधनिबंधाच्या शिरोभागी शोधावी लागतात, म्हणून ती इथे मुद्दाम दिली.

या कुळातल्या उत्प्रेरकाचे नाव ठेवले ‘एन्सिलाइट’. मोठ्याने उच्चारले की त्यात एन-सी-एल ही अक्षरे ऐकू येतात. पण ग्रॅमभर पांढरी भुकटी म्हणजे कारखाना नव्हे. टनावारी उत्पादनासाठी एसीसी ही सिमेंट कंपनी पुढे आली. सिमेंटवाल्यांचा इथे काय संबंध, असा प्रश्न पडेल. पण सिलिका, ॲल्युमिना, भट्टी आणि भाजणे ही त्यांच्या रोजच्या व्यवहाराचीच भाषा होती. आणि वापरणारा होता बडोद्याचा सरकारी कारखाना, इंडियन पेट्रोकेमिकल्स, म्हणजे आयपीसीएल.

या गोष्टीत सर्वांत मोठी जोखीम कोणाची, याचा विचार करण्यासारखा आहे. शास्त्रज्ञाचा प्रयोग फसला तर एक निबंध कमी होतो. आयपीसीएलच्या व्यवस्थापनाने चालू कारखान्यातला ओळखीचा उत्प्रेरक काढून त्या जागी, जगात कुठेही न वापरलेला भारतीय उत्प्रेरक भरायचा होता. दाणे फुटले, कोळसा धरला, विषबाधा झाली, तर संपूर्ण ओळ बंद पडणार आणि देशातल्या पॉलिएस्टर गिरण्यांचा कच्चा माल थांबणार. परदेशी उत्प्रेरक बिघडला तर दोष पुरवठादाराचा. स्वदेशी बिघडला तर दोष निर्णय घेणाऱ्याचा. १९८५ मध्ये तो निर्णय घेतला गेला. ‘झायलोफायनिंग’ या नावाची ही प्रक्रिया बडोद्याला सुरू झाली आणि चालली. त्याआधीच्या वर्षी, १९८४ मध्ये, रत्नसामी यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता. ते पुढे १९९५ ते २००२ या काळात प्रयोगशाळेचे संचालक होते.

दुसरी प्रक्रिया महाराष्ट्राला अधिक जवळची वाटावी अशी आहे. तिचे नाव ‘अल्बीन’. स्टायरीन या प्लास्टिकच्या कच्च्या मालासाठी एथिलबेंझिन लागते, आणि ते बनवायला जगभर खनिज तेलातले एथिलीन वापरत. भारतात एथिलीन महाग, पण साखर कारखान्यांच्या मळीपासून होणारे अल्कोहोल उपलब्ध. पाषाणच्या एन्सिलाइटवर बेंझिन आणि अल्कोहोल यांची थेट गाठ घालता आली. पारंपरिक पद्धतीत ॲल्युमिनियम क्लोराइड वापरत. ते यंत्रे कुरतडते आणि मागे आम्लयुक्त गाळ ठेवते. घन झिओलाइटमुळे तो गाळ टळला. ‘हरित रसायन’ हा शब्दप्रयोग जगात रूढ होण्यापूर्वीच, १९८९ मध्ये, ही प्रक्रिया विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान पॉलिमर्समध्ये सुरू झाली. भोर तालुक्यात निगडे इथे राजगड सहकारी साखर कारखाना आहे; गळिताच्या हंगामात त्याच्या आवारात येणारा मळीचा वास ज्यांना परिचित आहे, त्यांना त्या वासातून प्लास्टिकपर्यंतचा रस्ता विलक्षण वाटेल.

हा इतिहास सरळ विजयगाथा म्हणून सांगता येत नाही. विशाखापट्टणमचा तोच कारखाना १९९७ मध्ये कोरियन कंपनीकडे गेला आणि ७ मे २०२० च्या पहाटे तिथल्या साठवण टाकीतून स्टायरीनची वाफ पसरून अनेकांचा बळी गेला. उत्प्रेरकाशी त्या दुर्घटनेचा संबंध नाही. तापलेल्या टाकीतला तो प्रकार होता. परंतु अभिक्रिया स्वच्छ झाली म्हणून अभिक्रियेतून होणारा पदार्थ निरुपद्रवी ठरत नाही, हेही तितकेच खरे. पॅरा-झायलीनचेही तसेच. त्याने आधी टेरिकॉटचे शर्ट दिले, जे भोरच्या बाजारात इस्त्रीविना टिकतात म्हणून खपले. आणि मग बाटल्या दिल्या, ज्या संजीवनी माचीच्या तटाखाली झुडपांत अडकलेल्या दिसतात.

शतक बदलले तसे संशोधनाचे प्रश्नही बदलले. रत्नसामी, डी. श्रीनिवास आणि सहकाऱ्यांनी लोह आणि जस्त यांच्या सायनाइड संयुगापासून एक घन उत्प्रेरक तयार केला. साध्या पद्धतीत बायोडिझेल करायला शुद्ध तेल लागते. आम्लता वाढलेले वापरलेले तेल घेतले तर साबण होतो आणि सगळा घाट बिघडतो. या उत्प्रेरकावर वापरून टाकलेले, आंबूस तेलही चालते. त्यावर आधारलेले तंत्रज्ञान बेनफ्युएल या अमेरिकन कंपनीने घेतले आणि नेब्रास्का राज्यातील बिएट्रिस येथे त्याचा कारखाना उभा राहिला. एकेकाळी ज्या पात्रातले दाणे भारतात बाहेरून येत, त्याच जातीचे ज्ञान आता पुण्याहून बाहेर गेले.

वेल्ह्याच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा विषय आहे डायमिथिल ईथर, थोडक्यात डीएमई. मिथेनॉलचे दोन रेणू घन आम्लधर्मी उत्प्रेरकावर भेटले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि डीएमई तयार होते. ते दाबाखाली एलपीजीसारखेच द्रवरूप राहते, सिलिंडरमध्ये भरता येते आणि काजळी न धरता जळते. पाषाणला स्वतःच्या उत्प्रेरकावर दिवसाला २० ते २४ किलो डीएमई देणारा प्रायोगिक संच उभारला गेला. नेहमीची शेगडी या इंधनाला पुरी पडत नाही, कारण त्याला हवेचे प्रमाण वेगळे लागते. म्हणून नवा बर्नरही बनवला. ‘अदिती ऊर्जा संच’ या नावाने त्याचे उद्घाटन २०२० मध्ये झाले आणि डीएमई मिसळलेले सिलिंडर चाचणीसाठी देण्यात आले. त्यांतले काही प्रयोगशाळेच्याच कँटीनमध्ये गेले.

आता मिथेनॉल येते कुठून? कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून, तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावर. ते मिश्रण दगडी कोळशापासून मिळते, नैसर्गिक वायूपासून मिळते आणि लाकूड, भुस्सा, उसाचे पाचट यांपासूनही मिळते. महायुद्धातल्या त्या मोटारीच्या पिंपात जो कार्बन मोनॉक्साइड जळत होता, तो हाच. आंबी आणि मोसे खोऱ्यांतले लाकूड भट्टीत घालताना त्यातला बराचसा भाग धूर होऊन उडून जात असे. उत्प्रेरकाची विद्या तेव्हा हाताशी असती तर डोंगर वाचले असते, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. झाडे कवडीमोलाने गेली ती विकणाऱ्याच्या हाती दुसरे काही उरले नव्हते म्हणून. त्या व्यवहाराला कोणताही झिओलाइट आडवा आला नसता.

हायड्रोजनच्या वाटेवरही पुण्यात काम चालू आहे. केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआरच्या प्रयोगशाळा यांनी मिळून घडवलेली इंधन-घटावरची बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात दाखवण्यात आली. तिच्या घटात हायड्रोजन आणि प्राणवायू यांची गाठ प्लॅटिनमवर पडते. प्लॅटिनम महाग, म्हणून त्याऐवजी दुसरे काय वापरता येईल याचा शोध जगभर सुरू आहे. मिटाशने ऑस्मियमऐवजी लोह शोधले, त्याच जातीचा हा शोध.

राहिली ती राजगडावरची बाटली. पीईटीची साखळी बांधताना किमान तीन ठिकाणी उत्प्रेरक लागतो : झायलीनची मांडणी बदलताना झिओलाइट, त्यापासून आम्ल करताना कोबाल्ट-मँगनीज, आणि शेवटी साखळी गुंफताना बहुधा अँटिमनी. तीच साखळी ग्लायकॉलमध्ये तापवून पुन्हा सुट्या कड्यांत सोडवता येते. त्यालाही उत्प्रेरक लागतो, आणि झिंक ॲसिटेटसारखे साधे लवणही तिथे काम करते. मात्र त्यासाठी बाटली आधी संजीवनीच्या उतारावरून खाली यावी लागते. पाली दरवाज्याने उतरून ती वाजेघरला आली की पुढचा प्रवास भंगारवाल्याच्या तराजूवरून सुरू होतो.